पिवळा दिवा विझत का नाही?

वऱ्हाडातल्या शेलूबाजारच्या एका वाचकाने विचारलंय: खरिपात पांदणीने जाणं-येणं सुरू झालं की मोटारसायकलचा ‘एबीएस’चा पिवळा दिवा लागतो तो विझतच नाही, अशी गाडी चालवावी का? समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज तिथे असला तरी त्यावर दुचाकीला बंदी, तेव्हा या गाड्यांच्या नशिबी जुना रस्ता आणि पांदणच.

उत्तर आधी देतो. चालवता येते, साधे ब्रेक शाबूत असतात. फक्त घाबरून ब्रेक करकचून दाबला तर चाक लॉक होऊन घसरणार नाही, ही एबीएसची हमी गेलेली असते. कारण शोधायला मात्र 1831 सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी मायकेल फॅरडेने दाखवलं की तारेच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच तिच्यात वीज उत्पन्न होते. एबीएसचा जुना, साधा सेन्सर म्हणजे एवढंच: चुंबक, वेटोळं, आणि समोर साधारण मिलिमीटरभर अंतरावर चाकाबरोबर फिरणारी खाचांची चकती. एकेक खाच समोरून गेली की विजेची एक लहर उठते. लहरी मोजल्या की चाकाचा वेग कळतो. चाक थांबलं की लहर नाही. पण वायर तुटली तरीही लहर नाहीच! उभ्या गाडीत या दोहोंतला फरक ओळखायचा कसा? हल्लीच्या, चुंबकीय क्षेत्र थेट ओळखणाऱ्या हॉल सेन्सरना तुटलेली वायर जागेवरच कळते, पण चकती ठीक आहे की नाही हे चाक फिरल्याशिवाय त्यांनाही कळत नाही. म्हणून चावी फिरवल्यावर लागलेला दिवा गाडीने थोडा वेग घेईपर्यंत तसाच राहतो. तो बिघाड नव्हे.

पांदणीतली गंमत पुढे आहे. चिखलात मागचं चाक जागीच गरगरतं, पुढचं हलत नाही. एबीएसच्या कंट्रोल युनिटला हे आकडे अशक्य वाटतात आणि ते स्वतःला बंद करून दिवा लावतं. मधल्या स्टँडवर गाडी लावून मागचं चाक फिरवलं तरी हेच होतं. अशा वेळी चावी बंद करून पुन्हा सुरू करायची आणि थोडं अंतर जायचं. बहुतेकदा दिवा विझतो.

तरीही विझला नाही, तर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे बघावं. ती बेसाल्टची लेक, आणि बेसाल्टमध्ये टायटॅनोमॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज असतं. शाळेतला लोहचुंबक कोरड्या मातीत फिरवून बघा, काळे बारीक कण चिकटून येतील. सेन्सरमधलं चुंबकही हेच करतं. त्यात ब्रेक डिस्कची लोखंडी झीज मिसळली, वरून चिखल वाळून दगड झाला, की लहरी बिघडतात. पाणी आणि मऊ ब्रशने साफ करावं. पंक्चर काढताना चाक उतरवलं होतं का, हेही आठवावं. चकती किंचित वाकली तरी पुरते. मग वायर, फ्यूज, बॅटरी. एवढ्यावर भागलं नाही तर स्कॅनरवाल्या मिस्त्रीकडेच जावं. दिव्यावर काळी टेप चिकटवणं हा उपाय नव्हे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. 1958 साली इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने डनलॉपची ‘मॅक्सारेट’ यंत्रणा मोटारसायकलवर बसवून पाहिली. ती मूळची विमानांच्या चाकांसाठी. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स मुळीच नाही. एक छोटं फ्लायव्हील. चाक अचानक मंदावलं की फ्लायव्हील पुढे धावतं आणि झडप उघडून ब्रेकचा दाब सोडतं. उतारावर बैल हाकणारा कासरा ओढतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो, तसंच. निसरड्या रस्त्यावर निकाल चांगले आले. आणि गाडी कोणती? रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर! कंपनीचे तांत्रिक संचालक टोनी विल्सन-जोन्स यांना मात्र यात भविष्य दिसलं नाही. पुढे 1988 साली बीएमडब्ल्यूने इलेक्ट्रॉनिक एबीएस मोटारसायकलवर विकायला आणलं. यंत्रणेचं वजनच जवळपास 11 किलो. आपल्याकडे 125 सीसीवरच्या नव्या मॉडेलना 2018 च्या आणि जुन्या मॉडेलना 2019 च्या एप्रिलपासून ते सक्तीचं झालं, तेव्हा कुठे त्याच एनफिल्डच्या बुलेटलाही ते बसवावं लागलं.

‘एबीएस म्हणजे गाडी जागच्या जागी थांबते’ या शोरूममधल्या वाक्यावर मात्र विश्वास ठेवू नये. सुट्या मुरुमावर थांबायचं अंतर उलट वाढू शकतं, कारण तिथे लॉक झालेलं चाक समोर खडीचा ढीग जमवून स्वतःला अडवतं. एबीएसचा खरा फायदा म्हणजे चाक फिरतं राहतं आणि गाडी आडवी होत नाही. शिवाय अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक दिवा विझलेला असतानाही घसरू शकतं.

2025 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने जवळपास सगळ्याच नव्या दुचाकींना एबीएस देण्याचा मसुदा काढला. खेड्यात सर्वाधिक दिसणाऱ्या शंभर सीसीच्या, ड्रम ब्रेकवाल्या गाड्याही त्यात आल्या. माझा त्याला पाठिंबा आहे. फक्त स्कॅनर तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोहोचवण्याचं कामही कंपन्यांच्याच गळ्यात घालावं.