भरपाईचा दावा : कोणता उशीर सोसावा, कोणता मोडावा?

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खीरदान सुरू झाले, तेव्हा वस्तीतील एक ताई प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्याजवळ आल्या. तीन वर्षांपूर्वी टेम्पोच्या धडकेने त्यांचा उजवा हात मोडला. चार घरची धुणीभांडी सुटली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा चालू आहे. "भाऊ, तारखांना जाऊन जाऊन चपला झिजल्या. एक माणूस म्हणतो, सही करा, पंधरा दिवसांत ऐंशी हजार आणून देतो. घेऊन टाकू का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण असे उत्तर एकदा लगेच देऊन आम्ही एका घराचे नुकसान केले आहे.

२०१६ सालची गोष्ट. रंगकाम करणारा तरुण, वय ३४, महिन्याची कमाई १२ हजार. ट्रकच्या धडकेत पाय मोडला, रॉड टाकला. काही महिन्यांतच लोकअदालतीत तडजोडीची बोलणी निघाली. त्या वेळी अपंगत्व १० टक्के धरले गेले. घरात चूल पेटायची पंचाईत. आम्हीच म्हणालो, "येतेय ते पदरात पाडून घे." त्याने घेतले. वर्षभराने रॉडच्या जागी पू झाला, दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि गुडघा वाकेनासा झाला. शिडीवर चढणे कायमचे संपले. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. दार बंद झाले होते.

आम्ही वाणिज्य शाखेचे. रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. वर्षाची कमाई १,४४,००० रुपये. कमाईची हानी १० टक्के धरली तर होतात २,३०,४०० रुपये. तीच ४० टक्के धरली तर ९,२१,६००. औषधोपचार आणि वेदनांची भरपाई वेगळीच. पावणेसात लाखांहून अधिक फरक! आमच्या घाईची ही किंमत त्या घराने मोजली.

म्हणून वाचकहो, उशीर दोन प्रकारचा असतो हे ध्यानी घ्या.

पहिला उशीर शरीराचा. जखम पूर्ण भरून येईपर्यंत कायमचे अपंगत्व किती, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. शिवाय दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईची हानी नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच स्पष्ट केले. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते. हे पुराव्याने सिद्ध करायला वेळ लागतोच. हा उशीर सोसावा. दावा मंजूर झाल्यास दावा दाखल केल्याच्या तारखेपासूनचे व्याज न्यायाधिकरण देऊ शकते.

दुसरा उशीर कागदांचा आणि माणसांचा. ताईंची पिशवी आम्ही ओट्यावर रिकामी केली, तारखांचा तक्ता वाचला. पहिले वर्ष समन्स परत येण्यातच गेले, कारण टेम्पो विकून मालक दुसरीकडे राहायला गेला होता. मग विमा कंपनीने ड्रायव्हरच्या लायसन्सचा वाद काढला. आता दाखला देणारे डॉक्टर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले, साक्षीला येत नाहीत. ताईंना यातले काहीच कोणी सांगितले नव्हते. त्यांना वाटे, 'गरिबाची केस म्हणून अडवली.'

हा उशीर मोडता येतो. मालकाचा नवा पत्ता शोधून द्यावा. डॉक्टरांची साक्ष कमिशनमार्फत नोंदवावी, असा अर्ज वकिलांना द्यायला सांगावे. धुण्याभांड्याच्या कामाला पगारपत्रक नसते, तेव्हा ज्यांच्या घरी काम केले त्या बाईंना साक्षीला तयार करावे. आणि घरचे काम फुकटचे समजू नका. गृहिणीच्या श्रमाला मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती प्रकरणात २०२१ साली ठामपणे सांगितले आहे.

नव्या अपघातांबाबत तर अधिकच जागरूक राहावे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला की नाही, ठाण्यात जाऊन विचारावे. कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर बसू नये. दावा वेळेत लावावा, घाई तडजोडीची करू नये.

वकिलाच्या फीची भीती अनेकांना अडवते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचे कार्यालय असते, तिथे अर्ज करावा. बाबासाहेबांनी घटनेत हक्क लिहून ठेवले, पण त्यासाठीचा अर्ज आपल्यालाच भरावा लागतो.

ताईंनी त्या माणसाच्या कागदावर सही केलेली नाही. पुढच्या तारखेला आम्ही रजा टाकून त्यांच्यासोबत जाणार आहोत. प्रत्येक विहारात शिकलेल्या दोन तरुणांनी एवढे एक काम अंगावर घ्यावे : वस्तीतल्या अपघातग्रस्ताच्या कागदांची फाईल लावायची, आणि तारीख का पडली हे त्याला त्याच दिवशी समजावून सांगायचे. तारीख का पडली हे कळले, तर माणूस थकून कवडीमोलाने सही करणार नाही.