पत्रकाला नाव हवे, संदेशाला नको?

देवळीच्या बाजारात एखाद्या उमेदवाराची हस्तपत्रके वाटली गेली, तर प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता छापलेला असावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 127-क चा हा दंडक असून तो मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जो मत मागतो अथवा प्रतिपक्षाची निंदा करतो त्याने तोंड लपवू नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. मात्र तोच मजकूर त्याच मतदाराच्या खिशातील मोबाईलवर एसएमएसने धाडला, की प्रेषकाच्या जागी काही रोमन अक्षरे तेवढी दिसतात. त्यांच्या आड उमेदवार आहे, पक्ष आहे, की पैसे मोजून नामानिराळा राहिलेला कोणी हितचिंतक, हे वाचणाऱ्यास कळावे कसे?

या क्षेत्रात नियमच नाहीत असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2004 च्या आदेशानंतर दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन आवश्यक झाले. पुढे निवडणूक आयोगाने घाऊक एसएमएस व ध्वनिसंदेशही त्याच कक्षेत आणले, आणि मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत ते पाठविण्यास मनाई केली. वर्धा लोकसभा मतदारसंघात 26 एप्रिल 2024 रोजी मतदान झाले, म्हणजे 24 तारखेच्या सायंकाळपासून ही शांतता पाळली जाणे अपेक्षित होते. परंतु समिती तपासते तो तिच्यापुढे ठेवलेला मजकूर. प्रमाणपत्र न घेताच सुटलेल्या संदेशाचे काय? सभेचा मंडप दिसतो, भोंग्याची गाडी ऐकू येते, भिंतीवरचा रंग उरतो. खर्च निरीक्षकाला त्यावर बोट ठेवता येते. संदेश मात्र प्रत्येकाला एकांतात गाठतो. शेजारच्या आळीत निराळाच मजकूर गेला असेल, तर त्याचा पत्ताही लागत नाही.

सत्तेवरील पक्षाची तर गोष्टच वेगळी. 16 मार्च 2024 रोजी आचारसंहिता लागू झाल्यावरही ‘विकसित भारत’ संदेश नागरिकांच्या व्हॉट्सॲपवर येत राहिले. 21 मार्चला आयोगाने ते थांबविण्यास सांगितले. संदेश आधीच पाठविले होते, काही उशिरा पोहोचले, असा खुलासा केंद्रीय मंत्रालयाने केला. तो खरा मानला तरी मतदारावर झालेला परिणाम काही परत घेता येत नाही.

सरसकट बंदी हा उपाय नव्हे. ऑगस्ट 2012 मध्ये अफवांमुळे ईशान्येकडील विद्यार्थी व कामगार पुणे, बंगळूर सोडून जाऊ लागले, तेव्हा सरकारने घाऊक संदेशांवर पंधरा दिवस निर्बंध घातले. तो आणीबाणीचा प्रसंग होता. निवडणुकीत असा बडगा उगारला, तर फटका बसेल तो मोठ्या सभा न परवडणाऱ्या अपक्षाला. दोन पैशांत मतदारापर्यंत पोहोचण्याचे हे साधन त्याच्याकडून का हिरावावे?

हवी आहे ती उघड नोंदवही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या विनियमांनुसार व्यापारी संदेशांचे शीर्षक व मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. ही यंत्रणा सिद्ध आहे. तिचा रोख मात्र मालविक्री व सेवा यांच्या जाहिरातींवर. तिच्याच धर्तीवर निवडणूक काळातील प्रत्येक राजकीय संदेशाचा मजकूर, पैसे देणाऱ्याचे नाव, पाठविलेल्या प्रतींची संख्या आणि खर्च आयोगाने त्याच दिवशी जाहीर करावा, आणि संदेशातही प्रकाशकाचे नाव असावे. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा चाळीस लाख रुपये आहे; ती मोजायची तर हा हिशेब हाती हवाच.

राहता राहिला प्रश्न क्रमांकांच्या याद्यांचा. शाळेत, रेशन दुकानात, बँकेत आपण क्रमांक देतो तो प्रचारासाठी नव्हे. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची अट घातली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत मिळाली. राज्य विधानसभेची पुढील निवडणूक 2029 मध्ये अपेक्षित आहे. आपला क्रमांक कोणाकडून मिळाला, असे देवळीच्या मतदाराने पक्षाला विचारले, तर लेखी उत्तर देण्याचे बंधन आयोगाने तोवर घालून ठेवावे.