दानीएलच्या ग्रंथातील भविष्यकथन आणि प्राचीन इतिहास : अकराव्या अध्यायाचे ऐतिहासिक वाचन

प्रस्तावना

धर्मग्रंथातील भविष्यवाणीकडे पाहण्याच्या दोन प्रवृत्ती सर्वत्र आढळतात. इतिहासात घडलेल्या घटनांची ग्रंथातील शब्दांशी जुळणी करून ग्रंथाचे अलौकिकत्व सिद्ध करणे, ही पहिली प्रवृत्ती होय. ग्रंथ घटनेनंतर लिहिला गेला असे दिसताच त्यास बनावट ठरवून बाजूला सारणे, ही दुसरी. दोन्ही प्रवृत्तींत इतिहास हा केवळ साक्षीदार म्हणून बोलावला जातो. ग्रंथ ज्या काळात निर्माण झाला त्या काळातील माणसांचे प्रश्न दोन्हीकडे दुर्लक्षित राहतात.

बायबलमधील भविष्यकथनाच्या अभ्यासात या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे जुन्या करारातील दानीएलचा ग्रंथ, आणि त्यातही त्याचा अकरावा अध्याय. इ.स.च्या तिसऱ्या शतकापासून या अध्यायाच्या अर्थावर वाद चालू आहे. प्रस्तुत लेखात या अध्यायाची प्राचीन इतिहासाच्या प्रकाशात मांडणी केली आहे.

उद्दिष्टे

१. अकराव्या अध्यायातील निनावी राजांचा हेलेनिस्टिक इतिहासाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
२. या संबंधावरून ग्रंथाचा काळ कसा निश्चित केला जातो, त्या पद्धतीचे व तिच्यावरील आक्षेपांचे विवेचन करणे.
३. ऐतिहासिक वाचनामुळे ग्रंथाचा अर्थ उणावतो की अधिक स्पष्ट होतो, याचा विचार करणे.

ग्रंथाचे स्वरूप

दानीएलच्या ग्रंथात बारा अध्याय आहेत. पहिल्या सहा अध्यायांत बाबेलच्या दरबारात नेलेल्या दानीएल व त्याच्या सोबत्यांच्या कथा आहेत. उरलेल्या सहांत दानीएलला झालेले दृष्टान्त आहेत. ग्रंथ दोन भाषांत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंतचा मजकूर अरामी भाषेत, तर उर्वरित मजकूर हिब्रूमध्ये आहे. ख्रिस्ती परंपरेत हा ग्रंथ यहेज्केलनंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथांत येतो. हिब्रू परंपरेत मात्र तो संदेष्ट्यांमध्ये नसून ‘केतुविम’ म्हणजे ‘लेख’ या तिसऱ्या विभागात आहे. इ.स.पू. १८० च्या सुमारास रचलेल्या बेन सिराच्या ग्रंथात पूर्वजांचे स्तवन करताना यशया, यिर्मया, यहेज्केल व बारा संदेष्टे यांचा उल्लेख येतो. दानीएलचा येत नाही.

दृष्टान्तांचे सूत्र एकच आहे : एकामागून एक साम्राज्ये येतील, लयास जातील आणि शेवटी देवाचे राज्य येईल. दुसऱ्या अध्यायातील चार धातूंचा पुतळा आणि सातव्या अध्यायातील चार श्वापदे ही त्याचीच रूपे होत. आठव्या अध्यायात तर मेंढा म्हणजे मेद व पारस यांचे राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, असा खुलासा ग्रंथकारच करतो.

अकरावा अध्याय आणि हेलेनिस्टिक राजकारण

हा दृष्टान्त कोरेश राजाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाल्याचे ग्रंथ सांगतो. त्यात एकाही ग्रीक राजाचे नाव नाही. केवळ ‘उत्तरेचा राजा’ आणि ‘दक्षिणेचा राजा’ असे उल्लेख आहेत. तथापि पॉलिबियस, लिव्ही आणि मक्काबींचे ग्रंथ समोर ठेवले असता ही मंडळी ओळखणे कठीण जात नाही. उत्तरेचा राजा म्हणजे सीरियाचा सेल्यूकस वंश आणि दक्षिणेचा राजा म्हणजे मिसरचा टॉलेमी वंश.

प्रारंभी एक पराक्रमी राजा उदयास येतो. त्याचे राज्य चार दिशांना विभागले जाते, परंतु त्याच्या संततीला मिळत नाही. हा अलेक्झांडर होय. तो इ.स.पू. ३२३ मध्ये बाबेल येथे मरण पावला आणि राज्य त्याच्या सेनापतींमध्ये वाटले गेले. पाचव्या वचनात दक्षिणेच्या राजापेक्षा प्रबळ होणारा त्याचा एक सरदार येतो. भारतीय वाचकास चंद्रगुप्त मौर्याच्या संदर्भात परिचित असलेला सेल्यूकस निकेटर तो हाच.

सहाव्या वचनातील विवाहसंबंध विशेष लक्षणीय आहे. दुसऱ्या टॉलेमीने आपली कन्या बेरेनीस इ.स.पू. २५२ च्या सुमारास दुसऱ्या अँटिओकसला दिली. त्यासाठी अँटिओकसने पहिली राणी लाओडिसी हिला दूर केले होते. इ.स.पू. २४६ मध्ये अँटिओकस मरण पावला आणि बेरेनीस व तिचे मूल मारले गेले. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘अंतियोक’ आणि ‘तुरमाय’ असे दोन यवन राजे येतात. सर्वसाधारणतः त्यांची ओळख याच दुसऱ्या अँटिओकसशी व दुसऱ्या टॉलेमीशी पटवली जाते. म्हणजेच यरुशलेमच्या ग्रंथकाराने नाव न घेता सूचित केलेले राजे पाटलिपुत्राच्या सम्राटाने नावानिशी कोरविले आहेत.

बहिणीच्या हत्येनंतर तिसऱ्या टॉलेमीने सीरियावर स्वारी केली. तो देवमूर्ती मिसरमध्ये घेऊन जाईल असे आठवे वचन सांगते, इ.स.पू. २३८ च्या कॅनोपस येथील आदेशात पारसिकांनी नेलेल्या पवित्र मूर्ती त्याने परत आणल्याची नोंद आहे. पुढे राफियाची लढाई (इ.स.पू. २१७), तिसऱ्या अँटिओकसचा पानियम येथील विजय (इ.स.पू. २००), त्याची कन्या क्लिओपात्रा हिचा पाचव्या टॉलेमीशी विवाह, मॅग्नेशिया येथे रोमकडून झालेला पराभव आणि इ.स.पू. १८७ मधील त्याचा अंत या घटना क्रमाने येतात. खंडणी वसूल करणारा अधिकारी पाठविणारा विसाव्या वचनातील राजा म्हणजे चौथा सेल्यूकस.

एकविसाव्या वचनापासून कथनाची गती मंदावते आणि तपशील वाढतो. येथून चौथा अँटिओकस एपिफनेस (इ.स.पू. १७५–१६४) प्रवेश करतो. इ.स.पू. १६८ मध्ये त्याने मिसरवर पुन्हा स्वारी केली, तेव्हा रोमचा दूत पोपिलियस लेनास याने अलेक्झांड्रियाजवळ त्याच्याभोवती काठीने वर्तुळ आखले आणि उत्तर दिल्यावाचून बाहेर पडू नये असे बजावले. अपमानित राजा मागे फिरला. कित्तीमच्या जहाजांमुळे राजा खिन्न होऊन परततो, हे तिसावे वचन याच घटनेकडे निर्देश करते. त्यानंतर यरुशलेमवर आघात झाला. इ.स.पू. १६७ च्या डिसेंबरात मंदिरातील नित्य यज्ञ बंद करून वेदीवर परकीय पूजा सुरू करण्यात आली. सुंता, शब्बाथ आणि नियमशास्त्राच्या प्रती बाळगणे यांवर मृत्युदंडाची बंदी आली.

पॉर्फिरी आणि जेरोम

ही जुळणी आधुनिक संशोधकांनी प्रथम केलेली नाही. तिसऱ्या शतकातील नवप्लेटोवादी तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या बाराव्या भागात दानीएलची चिकित्सा केली. हा ग्रंथ अँटिओकसच्या काळात यहूदियात राहणाऱ्या कोणी लिहिला असून त्याने भविष्य सांगितले नाही, तर घडलेले कथन केले, असे त्याचे प्रतिपादन होते. इ.स. ४४८ मध्ये पॉर्फिरीचा ग्रंथ जाळण्याची राजाज्ञा निघाली. तरीही त्याचे युक्तिवाद टिकले, ते त्याचे खंडन करणाऱ्या जेरोममुळे. इ.स. ४०७ मधील आपल्या भाष्यात जेरोमने ते नोंदवून ठेवले. विसाव्या वचनापर्यंतचा ऐतिहासिक अर्थ जेरोमलाही मान्य होता. मतभेद होता तो पुढील मजकुराविषयी. अँटिओकस हा अंतिम काळी येणाऱ्या ख्रिस्तविरोधकाची केवळ पूर्वछाया आहे, असे जेरोमने मानले.

तपशील कोठे थांबतो?

ग्रंथाच्या कालनिर्णयात निर्णायक मुद्दा आहे तो चाळिसाव्या वचनापासूनचा. तेथवर इतिहासाशी जुळणारे कथन तेथून पुढे जुळत नाही. उत्तरेचा राजा मिसर जिंकेल, लिबिया व कूश त्याच्या मागे चालतील आणि समुद्र व पवित्र पर्वत यांच्या दरम्यान तळ ठोकून असता त्याचा अंत होईल, असे तेथे म्हटले आहे. प्रत्यक्षात १६८ नंतर अँटिओकसने मिसरवर स्वारी केली नाही. तो पूर्वेकडील मोहिमेत पारसाच्या परिसरात मरण पावला. बाबिलोनी राजावलीनुसार त्याच्या मृत्यूची वार्ता इ.स.पू. १६४ च्या अखेरीस बाबेलला पोहोचली.

यावरून असे अनुमान निघते की, अध्यायाच्या लेखकास मंदिराची विटंबना ज्ञात होती, परंतु अँटिओकसचा मृत्यू अद्याप ज्ञात नव्हता. म्हणून हा भाग इ.स.पू. १६७ ते १६४ या अल्प कालावधीत रचला गेला असावा. हा युक्तिवाद ‘भविष्य सांगणे अशक्यच आहे’ या गृहीतकावर आधारलेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. अचूकता कोठे संपते, या निरीक्षणावर तो उभा आहे.

परंपरेच्या बाजूने यास उत्तरे दिली जातात. चाळिसाव्या वचनापासून विषय बदलतो व अंतिम काळ सुरू होतो, हे त्यांतील प्रमुख उत्तर. परंतु मजकुरात नवा राजा आल्याची खूण नाही. ‘उत्तरेचा राजा’ ही संज्ञा तशीच पुढे चालते. दुसरे उत्तर बेलशस्सरासंबंधी आहे. ग्रीक इतिहासकारांना अज्ञात असलेला हा राजपुत्र १८५४ मध्ये ऊर येथे सापडलेल्या नॅबोनिडसच्या कोरीव लेखांत आढळला, तेव्हा ग्रंथास जुनी व विश्वसनीय माहिती होती हे मान्य करावे लागले. मात्र त्याच लेखांनी तो नबुखद्नेस्सराचा नव्हे, तर नॅबोनिडसचा पुत्र होता हेही दाखविले. ग्रंथातील ‘मेदी दारयावेश’ तर अन्य कोणत्याही प्राचीन साधनात आढळत नाही. कुमरान येथील ‘नॅबोनिडसची प्रार्थना’ या अरामी तुकड्यात तैमा येथे सात वर्षे व्याधिग्रस्त राहिलेल्या राजाची कथा आहे. ती चौथ्या अध्यायातील नबुखद्नेस्सराच्या कथेशी मिळतीजुळती आहे. बाबेलच्या जुन्या आठवणी कथांमधून फिरत होत्या आणि ग्रंथाच्या पूर्वार्धात त्या एकत्र आल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कुमरान येथे दानीएलच्या आठ हस्तलिखितांचे अवशेष मिळाले आहेत. त्यांपैकी एकाचा काळ २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन-१४ मापनानुसार इ.स.पू. २३० ते १६० असा येतो. ही कालमर्यादा वरील अनुमानाला छेद देत नाही. पण ग्रंथ रचल्यानंतर अत्यल्प काळात त्याच्या प्रती होऊ लागल्या असाव्यात, असे ती सुचविते.

भूतकाळाचे भविष्यकाळी कथन : एक साहित्यप्रकार

घटनेनंतर रचलेले भविष्यकथन हे प्राचीन जगात अपवादात्मक नव्हते. मेसोपोटेमियातील ‘राजवंशभविष्य’ या अक्कादी लेखात राजांची नावे न घेता त्यांचा उदयास्त भविष्यकाळात सांगितला आहे. भारतीय अभ्यासकास तर याहून जवळचे उदाहरण उपलब्ध आहे. विष्णू, वायू, मत्स्य आदी पुराणांत नंद, मौर्य, शुंग, काण्व आणि आंध्र म्हणजेच सातवाहन राजांच्या वंशावळी ‘होतील’ अशा भविष्यकाळी क्रियापदांत येतात. विष्णुपुराणातील निवेदनाचा वर्तमानकाळ परीक्षिताचा आहे. एफ. ई. पार्जिटर यांनी १९१३ मध्ये या वंशावळींचे संपादन केले. गुप्तांचा प्रदेश प्रयाग, साकेत व मगध एवढाच सांगितलेला पाहून त्यांनी वायुपुराणातील हा भाग चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्ण झाला असावा, असा निष्कर्ष काढला. माहिती जेथे थांबते तेथे लेखकाचा काळ शोधावा, हीच ती पद्धती.

सातवाहनांचा इतिहास लिहिताना नाणेघाट व नाशिक येथील लेखांसोबत या पुराणांचा साधन म्हणून उपयोग होतो. भविष्यकाळी क्रियापदे आहेत म्हणून कोणी त्यांस बनावट ठरवीत नाही. दानीएललाही हाच न्याय लागू व्हावयास हवा.

अर्थाचे स्थलांतर

लेखनकाळ निश्चित झाला तरी ग्रंथाचा इतिहास तेथे संपत नाही. ग्रीक साम्राज्य गेले, रोमन साम्राज्य आले आणि चौथे श्वापद रोम ठरले. पहिल्या शतकाच्या अखेरच्या ‘चौथा एज्रा’ या ग्रंथात तर, दानीएलला सांगितलेला अर्थ वेगळा होता व आता तो नव्याने सांगितला जात आहे, अशी उघड कबुली आहे. मार्क व मत्तय यांच्या शुभवर्तमानांत ओसाडी आणणाऱ्या अमंगळ वस्तूचा उल्लेख पुन्हा येतो आणि तो येऊ घातलेल्या संकटाला जोडला जातो. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी आठव्या अध्यायातील २३०० दिवस म्हणजे वर्षे असे मानून २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहिली आणि त्यांच्या पदरी निराशा आली. संदर्भापासून तोडलेले आकडे कोणत्याही काळाला बसविता येतात, हा या घटनेचा बोध होय.

निष्कर्ष

ऐतिहासिक वाचनाने दानीएलचा ग्रंथ लहान होतो काय? उलट, तो कोणासाठी लिहिला गेला हे त्यामुळेच दिसते. नियमशास्त्राची प्रत घरात सापडली म्हणून माणसे मारली जात होती. जो नीतीने वागतो त्याला याच जन्मी दीर्घायुष्य व समृद्धी लाभते, ही जुनी शिकवण त्या प्रेतांपुढे निरुत्तर झाली होती. याच ठिकाणी, बाराव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात, मातीत निजलेले जागे होतील हा विचार येतो. हिब्रू बायबलमधील मृतांच्या पुनरुत्थानाचा हा सर्वांत स्पष्ट उच्चार होय. इ.स.पू. सहाव्या शतकात कल्पिला तर हा विचार अधांतरी राहतो, इ.स.पू. १६७ नंतरच्या यरुशलेमात ठेवला तर त्याची निकड कळते.

मक्काबींच्या सशस्त्र उठावास ग्रंथकार ‘थोडेसे साह्य’ एवढेच महत्त्व देतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचे खरे नायक आहेत बहुतांना शिकविणारे ज्ञानी लोक, जे तलवारीने व अग्नीने पडतात. चार साम्राज्यांचा हिशेब त्याने मांडला तो पुढील राजाचे नाव कळावे म्हणून नव्हे, तर समोरचा राजाही त्या मालिकेतलाच एक आहे आणि त्यालाही अंत आहे, हे सांगण्यासाठी. अँटिओकसच्या मृत्यूचे स्थान ग्रंथकाराला अचूक सांगता आले नाही. त्याची सत्ता टिकणार नाही, हे मात्र त्याने ती सत्ता शिखरावर असताना सांगितले. श्रद्धावान वाचक त्यास ईश्वरी प्रेरणा म्हणेल, इतिहासाचा अभ्यासक धैर्य म्हणेल. वर्गात हा ग्रंथ शिकविताना या दोन्ही वाचकांना स्थान देता येते, मात्र त्यासाठी ग्रंथाला प्रथम त्याच्या स्वतःच्या काळात बोलू दिले पाहिजे.