कातळाची सरक मोजणारी विद्या

२०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. भल्या सकाळी वाशिम जिल्ह्यातही भांडी वाजली. रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावांत त्यानंतर एकच प्रश्न निघतो: खाली नेमकं काय सरकलं?

त्याचं उत्तर शोधणारी विद्या उपग्रहावरच्या रडारवर उभी आहे. १९९१ साली सोडलेला युरोपचा ईआरएस-१ हा उपग्रह ५.६ सेंटिमीटर लांबीच्या लहरी जमिनीवर सोडून परतलेल्या लहरी टिपत असे. भूकंपाआधीचं आणि नंतरचं चित्र एकमेकांवर ठेवलं, की फरकाचे रंगीत पट्टे उमटतात. एक पूर्ण पट्टा म्हणजे जमीन उपग्रहाच्या दिशेने किंवा उलट २.८ सेंटिमीटर हललेली.

खरी कसोटी पुढे. भूगर्भात कातळ जिथे सरकतो तो भ्रंश म्हणून एक तिरका चौकोनी पृष्ठभाग कल्पायचा. त्याची लांबी, उतार, खोली आणि घसरण धरून वरची जमीन किती हलेल याचं गणित मांडायचं. जपानी शास्त्रज्ञ ओकादा यांनी १९८५ मध्ये दिलेली सूत्रं त्यासाठी वापरतात. प्रत्यक्ष पट्ट्यांशी जुळेपर्यंत आकडे बदलत राहायचे. अडचण अशी, की वरची तीच हालचाल वेगवेगळ्या भ्रंशांनीही जुळू शकते. म्हणून जमिनीवरचं जीपीएस आणि भूकंपमापक यांची साक्ष लागतेच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला किल्लारी हादरलं, हजारो माणसं गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतल्या सत्यबाला यांनी २००६ मध्ये त्या भूकंपाचा रडार-अभ्यास प्रसिद्ध केला. उपग्रहाने आधीची नोंद घेऊन ठेवली होती म्हणूनच हे साधलं.

आपल्या भागात हे काम सोपं नाही. दोन चित्रांच्या मधल्या काळात नांगरट झाली, सोयाबीन उभं राहिलं, की परतणारी लहर ओळखू येत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. भ्रंशाची सरक आणि मातीची सरक एकमेकींत मिसळतात. म्हणून जीपीएसचा खांब मातीत नव्हे, खालच्या कातळात रोवावा लागतो. आणि ४.५ चा धक्का खोलवर झाला, तर वरची जमीन बहुधा इतकी कमी हलते की रडारला ती दिसतच नाही.

हिंगोली-वाशिम पट्ट्यात असे खांब कायमचे हवेत, कारण धक्क्यानंतर रोवलेल्या खांबाला धक्क्याआधीची जागा सांगता येत नाही. ही विद्या पुढचा भूकंप कधी होईल ते सांगत नाही. म्हणून आपल्या हातात आहे ते करू: किल्लारीत माणसं दगडमातीच्या जड भिंतींखाली आणि छतांखाली गेली, तेव्हा पत्र्यावर ठेवलेले दगड आजच उतरवा आणि पत्रे हुकांनी पक्के बसवून घ्या.