खिळवलेली स्मृतिपृष्ठे
संगणकाच्या मुख्य स्मृतीचे पृष्ठ (बहुधा ४,०९६ बाइट) कर्नेल, म्हणजे परिचालन प्रणालीचा गाभा, एरवी गरजेप्रमाणे हलवितो. डिस्क, नेटवर्क कार्ड यांसारखी उपकरणे प्रक्रियकाला वगळून स्मृतीत थेट लिहितात. तेव्हा पृष्ठ जागीच खिळवावे लागते, नाहीतर उपकरण दुसऱ्याच आज्ञावलीच्या माहितीवर लिहील. लिनक्समध्ये पूर्वी यासाठी पृष्ठाची संदर्भगणना केवळ एकाने वाढवीत. तीवरून पृष्ठ वापरात आहे एवढेच कळे. फाइलीचे पृष्ठ डिस्कवर उतरवून कर्नेलने ‘स्वच्छ’ ठरविल्यावरही उपकरण त्यात लिहीत राही, आणि माहिती बिघडण्याचा संभव असे. २०२० मधील ५·७ या आवृत्तीपासून साध्या पृष्ठाच्या गणनेत एकदम १,०२४ मिळवितात व खिळवलेले पृष्ठ ओळखतात. ही ओळख अंदाजीच; पुष्कळ संदर्भ असलेले साधे पृष्ठही कधी खिळवलेले भासते. ही चूक निरुपद्रवी असते, उलट दिशेची नसती.