ऑइल फिल्टर (व्हॅन)

ऑइल फिल्टर किंवा तेलगाळणी हा अंतर्ज्वलन इंजिनातील वंगणतेल गाळणारा व ठरावीक काळाने बदलावा लागणारा भाग आहे. झिजेतून निघालेले धातूचे कण, काजळी व धूळ तो तेलातून वेगळी करतो.

इतिहास

सुरुवातीच्या मोटारींत तेलपंपाच्या तोंडाशी फार तर तारेची जाळी असे. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी १९२३ च्या सुमारास 'प्युरोलेटर' ही गाळणी विकसित केली. आट्यांवर फिरवून बसवण्याचा एकसंध डबा, म्हणजेच 'स्पिन-ऑन' फिल्टर, १९५० च्या दशकात प्रचारात आला.

रचना व कार्य

पंपाच्या दाबाने तेल डब्याच्या कडेच्या छिद्रांतून आत शिरते, घड्या घातलेल्या कागदातून किंवा कृत्रिम तंतूंच्या थरातून गाळले जाते आणि मधल्या छिद्रातून बेअरिंगांकडे जाते. अनेक फिल्टरांत दोन झडपा असतात. गाळणी तुंबल्यास किंवा थंड तेल फार घट्ट असल्यास बायपास झडप उघडते व तेल न गाळता पुढे जाते. तेल मुळीच न मिळण्यापेक्षा न गाळलेले तेल मिळणे इंजिनास कमी घातक असते. दुसरी, रबरी झडप इंजिन बंद असताना डब्यातील तेल मागे उतरू देत नाही. ती निकामी झाल्यास इंजिन सुरू होताना बेअरिंगे काही क्षण कोरडी राहतात.

निवडीचे निकष

आटे जुळले म्हणजे फिल्टर योग्य ठरतो, असे नाही. रबरी कड्याचा व्यास व बायपास झडपेचा दाबही जुळावा लागतो. म्हणून वाहनाच्या पुस्तिकेतील भाग-क्रमांक हाच पहिला निकष होय. गाळण्याची क्षमता आयएसओ ४५४८-१२ या मानकानुसार मोजली जाते. केवळ मायक्रॉनचा आकडा अपुरा असतो. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, हेही पाहावे लागते. अस्पष्ट छपाई, कडक झालेले रबर व वाकडे आटे ही बनावट किंवा जुन्या मालाची लक्षणे असू शकतात.

पुण्यातील संदर्भ

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो (२००५ पासून फोर्स मोटर्स) या पुण्याच्या कंपनीची मॅटाडोर व ट्रॅव्हलर ही वाहने आणि १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन (पुढे ओम्नी) शहरात विशेष परिचित आहेत. सदाशिव पेठेसारख्या शाळांच्या दाट वस्तीत विद्यार्थ्यांची ने-आण करणाऱ्या व्हॅन थोडे अंतर, अनेक थांबे व मंद गती अशा रीतीने चालतात. इंजिन पुरेसे तापत नसल्याने पाण्याचा अंश व इंधन तेलात मिसळते आणि तेल लवकर बिघडते. अशा वाहनांत केवळ किलोमीटरांवर विसंबणे पुरेसे नसते. पुस्तिकेतील किलोमीटर व महिने यांपैकी जी मर्यादा आधी येईल, ती पाळावी लागते. सुट्या भागांसाठी नाना पेठेतील बाजारपेठ प्रसिद्ध आहे.

बसवणे व विल्हेवाट

जुने रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिले नाही, याची खात्री करणे अत्यावश्यक असते. दोन कडी एकावर एक बसल्यास दाबाने तेल बाहेर फेकले जाते आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. नव्या कड्यास तेल लावून, ते टेकल्यावर फिल्टर डब्यावरील सूचनेइतकाच, सहसा पाऊण फेरा, हाताने आवळतात. त्यानंतर इंजिन सुरू करून गळती पाहतात व तेलदाबाचा दिवा विझल्याची खात्री करतात. वापरलेले तेल हा धोकादायक कचरा असल्याने ते गटारात न ओतता, निथळलेल्या फिल्टरासह अधिकृत संकलकाकडे द्यावे लागते.