कर्करोगी पेशीला पक्व करणारे औषध
अस्थिमज्जेतील मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका घडतात. कोणती पेशी कोणती वाट धरणार हे ‘ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर’, म्हणजे डीएनएला चिकटून ठरावीक जनुके चालू वा बंद करणारी प्रथिने, ठरवतात. ही यंत्रणा बिघडल्यास काय होते, हे ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. जॅनेट राउली यांनी १९७७ मध्ये दाखवल्याप्रमाणे या आजारात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यामुळे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाला प्रतिसाद देणारा एक फॅक्टर पीएमएल या प्रथिनाशी जोडला जातो, पेशींना पक्व करणारी जनुके दाबून धरतो आणि अर्धवट वाढलेल्या पेशी साचत जातात. शांघायमधील वांग झेन्यी आणि सहकाऱ्यांनी याच आम्लाचे एक रूप औषध म्हणून दिले, तेव्हा कर्करोगी पेशी थेट मारल्या न जाता पक्व झाल्या. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आजही थक्क करतो. पुढे त्या जोडप्रथिनाचेच विघटन घडवणाऱ्या आर्सेनिक ट्रायऑक्साइडची साथ मिळाली आणि पूर्वी रक्तस्रावाने झपाट्याने जीव घेणारा हा आजार बहुतेक रुग्णांत बरा होऊ लागला.